पुढून ‘कट-कट’ येतंय, पण चाकाला धरलंय कोणी कोणी?

अमळनेरच्या एका भावाने विचारलंय: “सात वर्षं जुनी हॅचबॅक घेतली, मीटरवर ७२,००० किलोमीटर. गल्लीत, गावरस्त्यावर पुढच्या डाव्या बाजूने कट-कट आवाज येतो. धुळे रोडला ऐंशीने गेलो तर काहीच नाही. गॅरेजवाल्याने एका बाजूला जॅक लावला, चाक हलवून पाहिलं आणि म्हणाला, सस्पेन्शन संपलं, दोन्ही शॉकअप, दोन्ही आर्म, सगळं टाका. पैसे द्यायला ना नाही, पण आत असतं काय आणि ते करतं काय, हे कोणी सांगत नाही.”

भाऊ, सांगतो. तीस वर्षं धुळ्यात गाड्यांच्या पोटाखाली गेली माझी. “आप्पा, गाडी खडखड करस,” हे वाक्य रोज एकदा तरी कानावर येतं, आणि दर वेळी ती खडखड वेगळ्याच वस्तूची निघते. म्हणून आधी सस्पेन्शनची, म्हणजे बॉडी आणि चाक यांच्या मधल्या जोडणीची, रचना समजून घ्या, यादी नंतर.

बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. एक चाक दगडावर चढलं की अख्खी गाडी कलते, कारण दोन्ही चाकांना आख, म्हणजे मधला दांडा, एकच आणि साठा, म्हणजे वरचा सांगाडा, थेट आखावर बसलेला. मध्ये दबणारं काही नाही. आपल्याकडच्या जुन्या जीपलाही पुढे आख एकच होता, पण आख आणि चासीच्या मध्ये पाटे आले, म्हणजे एकावर एक रचलेल्या लवचिक पोलादी पट्ट्या. पाटा ही मोठी हुशार वस्तू. गाडीचं वजन तोच पेलतो, आखाला पुढे-मागे सरकू न देता जागेवर तोच धरतो, आणि पाट्यावर पाटा घासून उसळी थोडीफार तोच जिरवतो. एकाच गड्यावर तीन कामं. म्हणून स्वस्त, म्हणून दणकट. पण एक चाक खड्ड्यात गेलं की दुसरंही तिरपं होणार आणि स्टीअरिंग हाताला हिसके देणार. काळी-पिवळी जीपमध्ये पुढे बसून चोपडा-यावल केलं असेल, तर जास्त सांगायला नको.

कारच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये ही तीन कामं तीन वेगळ्या वस्तूंना वाटून दिलीत. वजन पेलायचं स्प्रिंगने, उसळी जिरवायची शॉकअपने (शॉक अ‍ॅब्सॉर्बर), आणि चाकाला जागेवर धरायचं आर्मने, म्हणजे आडव्या लोखंडी हाताने, आणि त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटने. शिवाय डावं चाक डाव्याचं, उजवं उजव्याचं. मधला आख गेला.

आता माझ्या उस्तादाने मला शिकवलेली युक्ती. चाकाला वर-खाली जायची मुभा आहे. स्टीअरिंग फिरवलं की वळायची मुभा आहे. बाकी सगळ्या वाटा बंद: पुढे नाही, मागे नाही, आत नाही, बाहेर नाही, कलायचंही नाही. त्यामुळे खाली वाकून प्रत्येक पार्टला एकच विचारायचं, बाबा, तू चाकाला कुठे जाण्यापासून अडवतोस? उत्तर मिळालं की आवाजाचं निम्मं कोडं सुटतं, कारण पार्ट खराब होतो म्हणजे त्याने अडवलेली वाट थोडी मोकळी होते.

तुमच्या गाडीत, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांत, पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनिअरची ही रचना. १९५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून ती लोकांपर्यंत पोचली. आपल्याकडे ती घरोघरी नेली मारुती ८०० ने, डिसेंबर १९८३ नंतर. त्याआधीच्या फियाटला, म्हणजे नंतरच्या पद्मिनीला, पुढे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म आणि मध्ये कॉईल स्प्रिंग होती. अ‍ॅम्बेसेडरला तर पुढे स्प्रिंगच्या जागी लांब सळई, टॉर्शन बार. चाक वर गेलं की सळई पिळली जायची. मॅकफर्सनने वरचा आर्मच काढून टाकला. त्याचं काम शॉकअपच्या नळीला दिलं. त्यामुळे बॉनेटखाली जागा मोकळी झाली आणि इंजिन आडवं बसवून पुढचीच चाकं फिरवणाऱ्या छोट्या गाड्यांना ती जागा हवीच होती.

स्ट्रट कसा उभा असतो बघा. सगळ्यात खाली हब, त्यात व्हील बेअरिंग, त्यावर चाक. हब ज्या ओतीव लोखंडी तुकड्यात बसतो त्याला आम्ही नकल म्हणतो. नकलच्या वरच्या कानाला दोन जाड बोल्टांनी स्ट्रटची नळी घट्ट बांधलेली. त्या नळीच्या आत शॉकअप, बाहेर बशीवर बसलेली कॉईल स्प्रिंग. शॉकअपचा रॉड वर निघून बॉडीच्या कप्प्यात रबरी माउंटिंगला नटाने पकडलेला. बॉनेट उघडलं की डावी-उजवीकडे जे दोन घुमट दिसतात, ते हेच. माउंटिंगखाली एक चपटं बेअरिंग असतं. स्टीअरिंग वळवलं की चाकाबरोबर अख्खा स्ट्रट, स्प्रिंगसकट, त्या बेअरिंगवर फिरतो.

आणि नकलच्या खालच्या टोकाला बॉल जॉइंट. म्हणजे वाटीत बसलेला गोळा, खांद्याच्या सांध्यासारखा. तो लोअर आर्मच्या टोकाला असतो आणि आर्मचं दुसरं टोक दोन रबरी बुशांतून, म्हणजे रबर भरलेल्या कड्यांतून, गाडीच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या चौकटीला, धरलेलं. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म दाराच्या बिजागरीसारखा त्या बुशांवर झुलतो. वरचं बेअरिंग आणि खालचा बॉल जॉइंट यांना जोडणारी मनातली रेषा काढा. चाक वळतं ते याच रेषेभोवती. रेषा वरून किंचित मागे झुकलेली असते, त्याला कॅस्टर म्हणतात. वळण संपलं की स्टीअरिंग आपोआप सरळ येतं ते मुख्यतः या झुकावामुळे. वळायची मुभा मोकाट राहू नये म्हणून नकलच्या कानाला टाय रॉड पकडतो, तो स्टीअरिंग रॅकपासून, म्हणजे स्टीअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकणाऱ्या दांड्यापासून, आलेला.

आता वजनाचा रस्ता बोटाने गिरवा: बॉडी, माउंटिंग, स्प्रिंग, स्ट्रट, नकल, हब, चाक. या रस्त्यात लोअर आर्म कुठेच नाही. शॉकअपचा रॉडही नाही. लोक म्हणतात, “शॉकअप गेला म्हणून गाडी बसली.” नाही हो. गाडी बसली तर स्प्रिंग थकली किंवा तुटली. खालचा वेढा बशीजवळ गंजून तुटतो तेव्हा तो वरवर पाहता दिसतही नाही. शॉकअप वजन उचलतच नाही.

मग शॉकअप करतो काय? जरा हिशेब बघा. छोटी गाडी रिकामी नऊशे किलो धरा. त्यातलं साठ टक्क्यांच्या आसपास पुढे, म्हणजे एकेका पुढच्या चाकावर अडीचशे किलोच्या वर. इतक्या वजनाने स्प्रिंग गाडी नुसती उभी असतानाच दहा-बारा सेंटीमीटर दबलेली असते. आता तिला धक्का दिला की ती सेकंदाला एक-दीड वेळा वर-खाली होत राहणार, झोक्यासारखी. माणसाला हा वेग सोसतो, चालताना आपण साधारण त्याच लयीत हलतो. म्हणून गाड्या या लयीत बसवतात. पण थांबवणार कोण? शॉकअप. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ पत्र्यांचे व्हॉल्व्ह. रॉड हलला की तेलाला त्या भोकांतून जबरदस्तीने जावं लागतं, उसळीची ताकद तेल गरम करण्यात खर्च होते. लांब खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागतो. दाबताना तो तुलनेने नरम असतो आणि सुटताना कडक, कारण खड्ड्याचा दणका पटकन गिळायचा असतो पण दबलेली स्प्रिंग गाडीला वर फेकायला निघाली की लगाम घालायचा असतो. आत नायट्रोजन भरतात तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. फेसाळलेल्या तेलाला अडवायची ताकद नसते.

आपल्या भागात हे दोन ठिकाणी चांगलं कळतं. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता हळूहळू लाटा घेतो. खड्डा एक नाही, पण गाडी होडीसारखी डुलते. ताशी ६० ने जाताना गाडी सेकंदाला सतराएक मीटर कापते; लाटा बारा-चौदा मीटरवर असल्या की त्यांची लय आणि स्प्रिंगची लय जुळते आणि थकलेला शॉकअप उघडा पडतो. दुसरं ठिकाण म्हणजे स्पीडब्रेकरच्या आधीच्या रम्बलर पट्ट्या. तिथे बॉडी हलत नाही, चाकच टायरवर थरथरतं, सेकंदाला दहा-पंधरा वेळा. तेही शॉकअपनेच दाबायचं असतं. दाबलं नाही तर चाक रस्त्यावरून सुटत-टेकत जातं, ब्रेक लांब लागतो आणि टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात. असा खळगेदार टायर दिसला की मी शॉकअपकडेच बघतो.

स्ट्रटच्या शॉकअपवर आणखी एक ओझं आहे. वरचा आर्म काढून टाकल्यामुळे चाकाला कलू न देण्याचं कामही त्याच्या रॉडवर आलं. म्हणून मागच्या शॉकअपचा रॉड करंगळीएवढा, तर पुढचा अंगठ्याएवढा जाड. या तिरक्या दाबाने रॉड अडकू नये म्हणून स्प्रिंग मुद्दाम नळीच्या मध्यापासून थोडी तिरपी बसवतात. स्प्रिंग उलटी किंवा फिरवून बसवली, टोक बशीच्या खाचेत नीट टेकवलं नाही, तर नवा शॉकअपही वर्षभरात तेल सोडतो. हे मी माझ्याच हातच्या कामावरून शिकलो, गिऱ्हाईक भला होता म्हणून निभावलं.

लोअर आर्मचे दोन बुश सारखे नसतात, ही गोष्टही कोणी सांगत नाही. बहुतेक छोट्या गाड्यांत आर्म इंग्रजी एलसारखा असतो. पुढचा बुश लहान आणि कडक. तो चाकाला आत-बाहेर जाऊ देत नाही. मागचा मोठा, मऊ, मध्ये पोकळ्या ठेवलेला. खड्ड्याचा दणका चाकाला मागे ढकलतो तेव्हा तो किंचित दबून मार गिळतो. ब्रेक मारला की चाकाला मागे ओढणाऱ्या ताकदीचा बराच भार याच बुशावर येतो. म्हणून ब्रेक लावताना एकच ‘धप्’ आणि सोडताना पुन्हा एक ‘धप्’ आला, तर मागचा बुश फाटलेला असण्याचा संशय आधी घ्यायचा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास खेळतो, आणि रबराला तर ऊन, तेल आणि वय तिन्ही मारतात. जुन्या ८०० मध्ये तर आर्म नुसता आडवा दांडा होता आणि त्याला पुढे-मागे धरायचं काम स्टॅबिलायझर बारच करायचा. तिच्या बारचे बुश गेले की ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढायची.

तुमच्या गाडीत बारकडे ते काम नाही. तुमच्या गाडीतला बार म्हणजे एक वाकवलेली सळई, डाव्या चाकापासून उजव्या चाकापर्यंत. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर ती नुसती फिरते, काही करत नाही. पण एकच चाक वर गेलं, किंवा लळिंग घाटाच्या वळणावर गाडी एका अंगाला झुकली, की ती पिळली जाते आणि झुकणं रोखते. बारची दोन्ही टोकं स्ट्रटला किंवा आर्मला जोडतात त्या दोन वीतभर दांड्या. त्यांना आम्ही लिंक रॉड म्हणतो. प्रत्येकीच्या दोन टोकांना सुपारीएवढे बॉल जॉइंट. सगळ्या सस्पेन्शनमधला हा सगळ्यात किरकोळ पार्ट आणि आमच्याकडे सगळ्यात आधी जाणाराही हाच.

आता तुमचा आवाज. गल्लीत येतो, हायवेला नाही. गल्लीतला रस्ता म्हणजे आत्ता डावं चाक वर, लगेच उजवं. बार एकदा इकडे पिळतो, एकदा तिकडे. लिंक रॉड एकदा ओढला जातो, एकदा दाबला जातो. दर वेळी ओढीतून दाबात जाताना झिजलेला गोळा वाटीत एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटतो. कट. गुळगुळीत हायवेवर दोन्ही चाकं जवळपास सारखीच हलतात, लिंकला काम नाही, आवाज नाही. तुमचं वर्णन वाचताक्षणी माझं बोट आधी तिकडे गेलं.

आणि गॅरेजवाल्याला ते का सापडलं नसेल, तेही सांगतो. त्याने एका बाजूला जॅक लावला. एकच चाक लटकलं की बार पिळलेला राहतो, लिंक रॉड ताणलेला राहतो, आणि ताणलेल्या सांध्यात ढिलाई हाताला लागत नाही. जे तपासायचं तेच जॅकने लपवून टाकलं. मग काही सापडलं नाही की सगळंच टाका, हा उपाय उरतो. त्याला मी लबाड म्हणणार नाही, घाई म्हणेन.

जॅकवर तपासायच्या गोष्टी वेगळ्या. चाक घड्याळाच्या बारा-सहावर धरून हलवलं आणि ढिलं लागलं तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ब्रेक दाबून धरल्यावर ढिलाई गेली तर बेअरिंग. नऊ-तीनवर धरून ढिलं लागलं तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला सांधा. आर्म आणि नकलच्या मध्ये पहार घालून हलक्या हाताने उचकायचं, बॉल जॉइंट तिथे कळतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, जुनी सुमो यांना मात्र दोन आर्म असतात आणि वजन खालच्या आर्मवर येतं, म्हणून त्यांचा जॅक चासीला न लावता खालच्या आर्मखाली लावायचा. नाहीतर स्प्रिंगने दाबलेला जॉइंट खराब असूनही गप्प बसतो. बॉल जॉइंट हा एकच पार्ट असा आहे की ज्याच्या बाबतीत मी “अजून चालेल” म्हणत नाही. तो वाटीतून निसटला की चाक गाडीखाली आडवं पडतं. त्याची रबरी टोपी फाटलेली दिसली तरी दिवस मोजायला लागा; ग्रीस बाहेर जातं आणि काळ्या मातीचा चिखल आत, तो सहाणेसारखा गोळा घासतो.

उभ्या गाडीत स्टीअरिंग फिरवताना वरून ‘टंग्’ येऊन स्प्रिंग सुटल्यासारखी वाटली, किंवा वळणानंतर स्टीअरिंग आळसाने सरळ येऊ लागलं, तर माउंटिंगचं बेअरिंग जाम झालंय. पूर्ण वळवून रेस दिल्यावर कट-कट-कट अशी लागोपाठ माळ आली तर तो सस्पेन्शनचा विषयच नाही, तो एक्सलचा, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, सीव्ही जॉइंट.

शॉकअपसाठी बॉनेटचा कोपरा दाबून सोडा. गाडी वर येऊन एका हेलकाव्यात थांबली तर बरं, तीन-चार झोके घेतले तर गेला. पण अर्धवट थकलेला शॉकअप या परीक्षेत पास होतो, म्हणून नळीही बघा. तेलाचा दमट थर, त्यावर धूळ, एवढं चालतं. ओघळ चालत नाही. बदलायचे तर दोन्ही बाजूंचे एकदम बदला. आर्म आणि लिंक रॉड मात्र ज्या बाजूचा गेला त्या बाजूचा टाकला तरी चालतो.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. स्ट्रट घरी खोलू नका. बाहेर काढला तरी स्प्रिंग आत दबलेलीच असते. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्याशिवाय वरचा मधला नट सोडला तर ती बंदुकीसारखी सुटते. माझ्या उजव्या भुवईवरची खूण १९९८ ची आहे, आणि तेव्हा कॉम्प्रेसर लावलेला होता, फक्त त्याचा एक हूक नीट बसला नव्हता.

काम करून घ्याल तेव्हा दोन गोष्टींवर उभं राहा. आर्म बदलला तर बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन अंगावर घेऊन. लटकत्या आर्मवर आवळले तर गाडी खाली येताच बुश कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग लोक म्हणतात पार्ट डुप्लिकेट होता. आणि आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉडला हात लागला की अलाइनमेंट हवंच. छोट्या गाड्यांत बहुधा फक्त टो, म्हणजे चाकांचं तोंड किती आत-बाहेर, एवढंच बसवता येतं. मशीनवर कॅम्बर, म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल, चुकीचा दिसला तर तो “सेट” होत नसतो, बहुधा काहीतरी वाकलेलं असतं.

तर जॅक न लावता गाडी पिटवर किंवा रॅम्पवर घ्या, चारही चाकं टेकलेली. एकाला बॉनेटपाशी उभं करून गाडी डावी-उजवी डोलवायला सांगा. तुम्ही खालून आधी डाव्या, मग उजव्या लिंक रॉडच्या सांध्याला दोन बोटं लावून धरा. दोन्ही बाजूंना नक्की लावा, कारण आवाज क्रॉस मेंबरमधून फिरतो आणि डावा आवाज कधी कधी उजव्याचा निघतो. झिजलेला असेल तर कानाच्या आधी बोटांना कळेल. बोटांना शंका राहिली तर मिस्त्रीला दोन्ही लिंक काढून घ्यायला सांगा आणि गल्लीतून दहाच्या स्पीडने एक चक्कर मारा, हायवेला अजिबात नाही. आवाज बंद झाला, तर शॉकअप आणि आर्मचे पैसे खिशातच ठेवा आणि, बाजू कोणती ते ठरलेलं नाही म्हणून, लिंक रॉडची जोडी आणा. चालूच राहिला, तर पुढची तपासणी आर्मच्या मागच्या बुशापासून.